विंगेतून आलेलं वाक्य

पडद्याला एक भोक असतं. कुठल्याही थिएटरात जा, असतंच. ते कोणी पाडलं हे कोणाला माहीत नसतं आणि शिवायला कोणी धजत नाही. दुसरी घंटा झाली की मी त्याला डोळा लावते. मला बाकी कोणाचं काही बघायचं नसतं, खोकणारे किती आणि कुठे बसलेत तेवढंच बघायचं असतं, कारण खोकला नेमका वाक्याच्या टोकाला येतो आणि मुलीची पुढची ओळ खाऊन जातो. आज डाव्या बाजूला दोन खोकणारे सापडले, उजवीकडे पोरींचा एक घोळका, बहुतेक कॉलेजच्या, आणि मग तिसऱ्या रांगेत, वाटेच्या कडेच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर उभी धरून, माझी ताई. सख्खी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी डोळा काढला, पुसला, परत लावला. ताईच. चष्मा नाकावर खाली घेऊन ती नाटकाचं पत्रक वाचत होती आणि वाचताना तिचे ओठ हलत होते, लहानपणापासून हलतात तसे. मी तिला सांगितलंच नव्हतं. ती लग्न होऊन याच गावात आली, सत्तावीस वर्षं इथे राहते, आणि मी काल दुपारी व्हॅनमधून इथे उतरले, लॉजवर जाऊन चादर डोक्यावरून घेतली आणि तिला साधा फोन केला नाही. मागच्या महिन्यात तिने विचारलं होतं, "सध्या कुठलं नाटक गं?" तर मी म्हटलं होतं, "आहे एक विनोदी." माझ्या जिभेला काही हाड! आता ती पत्रकावरच्या पाचही मुलींची नावं ओठ हलवून वाचत होती आणि तिसरी घंटा व्हायला सहा मिनिटं होती.

विनोदी कसलं! स्टेजवर पाच खुर्च्या, खुर्च्यांवर पाच तरुण मुली, आणि प्रत्येक मुलगी आपल्या गर्भपाताची गोष्ट सांगते. नाटक एवढंच. दीड तास, मध्यंतर नाही. सहा महिने आम्ही गावोगाव हिंडतोय, आजचा सव्विसावा प्रयोग, आणि लोक येतात, ऐकतात, संपल्यावर बराच वेळ जागचे उठत नाहीत. गोष्टी खऱ्या आहेत. आमची दिग्दर्शिका तिशीची, पण आवाज असा की रस्त्यावरची वाहनं थांबावीत, म्हणून तिला सगळे कॅप्टन म्हणतात. तिने दोन वर्षांपूर्वी वाचनालयांत, कॉलेजांत, दवाखान्यांत पेट्या ठेवल्या होत्या. ज्या बाईला सांगायचंय तिने नाव न घालता लिहावं आणि आत टाकावं. दोनशेच्या वर कागद जमले, त्यातले पाच तिने निवडले. त्यातला चौथा माझा. हे तिला माहीत नाही, मुलींना माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. मी वीस वर्षं प्रॉम्प्टर आहे. दुसऱ्यांची वाक्यं तिसऱ्यांच्या तोंडात घालण्यात माझा जन्म गेला, आणि आयुष्यात एकदाच स्वतःचं दीड पान लिहिलं, तेही डाव्या हाताने, अक्षर ओळखू नये म्हणून. मग तालमीच्या पहिल्या दिवशी कॅप्टनने माझ्या हातात संहिता ठेवली, मी नेहमीप्रमाणे पेन्सिलीला टोक काढलं, चौथ्या खुर्चीची पानं उघडली, आणि पहिलंच वाक्य: दवाखान्याच्या पायरीवर कळलं की हिरवा स्वेटर उलटा घातलाय, शिवण बाहेर. माझे कान तापले. मुलींना वाटलं मला ताप आलाय, एकीने गोळीही आणून दिली.

सगळं जवळजवळ मी लिहिलं तसंच होतं. शेवट तेवढा नव्हता. मी लिहिलं होतं की बाहेर आले, सणकून भूक लागली होती, चार टोस्ट आणि दोन अंडी खाल्ली, घरी येऊन झोपले, संध्याकाळी सिनेमा बघितला, पुढे कधी वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का? आणि संहितेत होतं: "आणि मग मी खिडकीशी बसले. अजून तिथेच बसलेय." कॅप्टनने तालमीत सगळ्यांना समजावलं, "या बाईने खाण्यापिण्याचं काहीबाही लिहिलंय, पण ते वरवरचं आहे. माणूस लपवतं. आत काय असेल ते आपण दाखवायचं." आत काय असेल! आत दोन अंडी होती. पण बोलणार कसं? पत्र माझंच आहे असं सांगावं लागलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी मुकाट्याने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात लिहिलं, थांबा, सात आकडे, म्हणजे मनात सात मोजेपर्यंत. आणि पंचवीस प्रयोग ती ओळ ऐकली. एखादी गोष्ट पंचवीस वेळा ऐकली की माणसाला शंका यायला लागते. एखाद्या गावी लॉजच्या खोलीत सकाळी खिडकीशी चहा घेऊन बसले की वाटायचं, असेल बाबा, असेल आत काही, मलाच कळलं नसेल. मग मी शोधायचे. हरवलेला चष्मा शोधतो ना आपण, उशीखाली, कपाटावर, शेवटी फ्रिजमध्येसुद्धा, तसं. सापडायचं काहीच नाही. खाली भाजीचे ट्रक लागलेले असायचे, कोणीतरी कोणालातरी शिव्या घालत असायचं, माझा चहा गरम असायचा, आणि मला छान वाटायचं. छान वाटतंय याचंच मग मेलं अपराध्यासारखं वाटायचं.

मी बावीसची होते. छापखान्यात मुद्रितं तपासायचे, दिवसभर लोकांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी स्वतःची एक करून ठेवायची, असं चाललं होतं. ती चूक ज्याच्यासोबत केली तो वाईट नव्हता. त्याच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही, त्याचं नाकसुद्धा छान होतं. पण जन्मभर याच्या शेजारी झोपायचं असा विचार मनात आला की मला जांभई यायची. त्याला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू म्हणशील तसं," आणि मी म्हणाले तसं झालं. ताई तेव्हा सव्वीसची, शाळेत शिकवायची. जेवणं झाल्यावर ती भांडी घासत होती, मी विसळत होते, तेव्हा तिला सांगितलं. तिने नळ बंद केला नाही. आई बाहेरच्या खोलीत होती, पाण्याचा आवाज हवाच होता. एक पातेलं पूर्ण घासून माझ्या हातात देत ती म्हणाली, "शनिवारी मला अर्धीच शाळा आहे. दहा वाजता निघू." बस्स. ना रागावली ना रडली, कोण तो असंही विचारलं नाही. आईला सांगितलं, डोळे तपासायला जातोय. दवाखान्याच्या पायरीवर तिनेच बघितलं की माझा स्वेटर उलटा आहे. तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मला हात वर करायला लावून तिने तो काढला, सुलटा केला, पुन्हा चढवला आणि केस नीट केले. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, हात उबदार होते. ताई बाहेर बाकावर बसली. नंतर घरात त्या दिवसाचा विषय निघाला नाही. आम्हा दोघींतसुद्धा कधी शब्द नाही. फक्त दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या शनिवारी तिचा फोन येतो. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशा आवाजात ती विचारते, "कशी आहेस?" आणि मीही आवाज खाली नेऊन म्हणते, "बरी आहे." एवढंच. एकतीस वर्षं.

ताईच्या मनात काय आहे ते मला न सांगता कळतं, निदान मला तसं वाटत होतं. मी लग्न केलं नाही. का केलं नाही? मला माझी झोप आवडते, माझा रेडिओ आवडतो, एकटीने दौऱ्यावर जाणं आणि परत येऊन आपल्याच कुलपाला आपलीच किल्ली लावणं आवडतं. पण ताईने तिचा हिशेब मांडला: त्या शनिवारी मी हिला घेऊन गेले आणि ही अशी राहिली. आणि मी तो खोडला नाही. का खोडू? मी तिच्या घरी गेले की नवी गादी मला. डब्यातलं चांगलं ते आधी मला. साधी पिशवी उचलू देत नाही. ज्या भावोजींनी स्वतःच्या बायकोला कधी पेपर आधी वाचू दिला नाही, ते सकाळी घडीसुद्धा न मोडता तो माझ्यापुढे ठेवतात. इतक्या मायेपुढे माणूस काय करणार? मी दुःखी चेहरा केला नाही, पण कोणी दुःखी समजून गादी घातली तर उठलेही नाही. झाकली मूठ तशीच ठेवली. हे माझं पाप म्हणायचं तर हे. ते दवाखान्याचं नव्हे.

आणि आता ती तिसऱ्या रांगेत होती. हिरवा स्वेटर हे दोन शब्द कानावर पडले की तिला सगळं कळणार, पहिल्याच वाक्याला. मग तिथून शेवटपर्यंत ती माझी गोष्ट ऐकणार, आणि शेवटी चौथी मुलगी सांगणार की ती अजून खिडकीशी बसलेली आहे. ताई तो शब्द न् शब्द खरा मानणार. का नाही मानणार? मी एकतीस वर्षं तिच्याशी त्याच आवाजात बोललेय. उरलेला सगळा जन्म ती स्वतःला दोष देत काढणार, आणि तो दोष तिच्या हातात ठेवणारी मी, तोही बक्षिसासारखा, उजेडात, टाळ्यांसकट. मी कॅप्टनकडे धावले. ती लाइटवाल्याशी हुज्जत घालत होती. "चौथीचा शेवट आज गाळता येईल?" असं विचारायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर "आज गर्दी बरी आहे ना?" "फुल्ल आहे, मावशी," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. चौथी मुलगी कोपऱ्यात केळं खात होती. प्रयोगाआधी ती केळंच खाते, म्हणते त्याने आवाज बसत नाही. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काय मावशी?" "काही नाही. सर्दी कशी आहे?" "पळाली." तिसरी घंटा झाली. मी विंगेतल्या माझ्या स्टुलावर जाऊन बसले, संहिता मांडीवर, छोटा दिवा पानावर. तिथून मुली दिसतात, प्रेक्षक दिसत नाहीत. ताईचा चेहरा मला दिसणार नव्हता हे त्यातल्या त्यात बरं, असं वाटलं, आणि लगेच वाटलं, बरं कसलं.

पहिली बोलली, दुसरी बोलली. मी पानं उलटत होते, बोट ओळीवरून सरकत होतं, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. प्रॉम्प्टरचं सगळं शहाणपण एकाच गोष्टीत असतं: समोरची थांबलीय की विसरलीय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. थांबलेल्या मुलीला वाक्य दिलंत तर तिचा सगळा क्षण मातीत, आणि विसरलेलीला दिलं नाहीत तर ती बुडते. मी मानेकडे बघते. विसरलेल्या मुलीची मान ताठ होते, थांबलेलीची होत नाही. वीस वर्षांत माझी चूक झालेली नाही असं मी मिरवते, आणि ते खरंही आहे. मुलींचा माझ्यावर भरवसा आहे. तिसऱ्या प्रयोगाला एकीने माझं वाक्य ऐकून आधी डोळ्यांनी वाद घातला, तेवढ्यात सगळं कोसळलं, तेव्हापासून कॅप्टनचा नियम आहे: विंगेतून आलं की घ्यायचं, आधी तोंडात, मग डोक्यात. तिसरी संपली. चौथीवर उजेड आला. "दवाखान्याच्या पायरीवर कळलं," ती म्हणाली, "की हिरवा स्वेटर उलटा घातलाय. शिवण बाहेर." मी कान टवकारले. तिसऱ्या रांगेतून काही आवाज येतो का? पर्स पडली का? काही नाही, डावीकडचा एक खोकला फक्त. मुलगी पुढे बोलत गेली, माझंच सगळं. एकटीच आत गेले, एकटीच कागदावर सही केली, डॉक्टरबाईंचे उबदार हात. ताईला मी पत्रात घातलंच नव्हतं. तिच्यावर कोणाचं बोट जाऊ नये म्हणून. तेवढी तरी काळजी मी घेतली होती, असं मी तेव्हा स्वतःशी म्हटलं.

"आणि मग..." चौथी म्हणाली आणि थांबली. ठरलेला थांबा, सात आकडे. मान सैल, खांदे सैल, डोळ्यांत पाणी वेळेवर हजर. काहीही विसरलेली नव्हती. एक, दोन, तीन. "मला भूक लागली होती," असं कोणीतरी म्हणालं, हळू, स्वच्छ, विंगेतून खुर्चीपर्यंत जाईल एवढ्याच आवाजात. ती मी होते. मी ठरवून बोलले का? आता इथे शपथेवर सांगायची वेळ आली तरी मला सांगता येणार नाही. शिंक कोणी ठरवून देतं का? मुलीची मान ताठ झाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, शहाणी पोर, पण तिचा कान माझ्याकडे वळलेला मला दिसला. नियम म्हणजे नियम. "आणि मग," ती म्हणाली, "मला भूक लागली होती." आवाज अजून रडण्याचाच होता, शब्द मात्र भुकेचे, आणि ते दोन्ही एकमेकांना इतके विजोड दिसले की कॉलेजच्या पोरींतली एक फिसकन हसली. अजून मागे जाता आलं असतं. खिडकीची ओळ देऊन टाकायची, झालं. मी संहिता मिटून स्टुलाखाली ठेवली आणि म्हटलं, "सणकून." "सणकून!" मुलगी म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज बदलला. तिला कळलं की काहीतरी चाललंय, आणि ती जातिवंत नटी आहे, मी एक हात दिला तर तिने उडी घेतली. थिएटर हसलं. वाईट नाही, वाट बघून थकलेली माणसं बस दिसल्यावर हसतात तसं.

मग मी देत गेले आणि ती घेत गेली. दवाखान्याचं कॅन्टीन, ऑइलक्लॉथची टेबलं. चार टोस्ट, दोन अंडी. मिठाची बाटली चोंदली होती, मी ती टेबलावर एवढ्या जोरात आपटली की सगळं कॅन्टीन माझ्याकडे बघायला लागलं. मुलीने हाताने ती बाटली आपटून दाखवली, मी सांगितलंही नव्हतं. मी एक वाक्य देत होते आणि दुसरं आठवत होते. समोर बसलेली ताई, स्वतःच्या बशीला हात न लावता माझ्याकडे बघणारी. तिचं नाव दोनदा माझ्या ओठांशी आलं. दोन्ही वेळा मी गिळलं, जुनी सवय. घरी आले, स्वेटर न काढता झोपले, चार तास, स्वप्नबिप्न काही नाही. संध्याकाळी सिनेमा. त्यात एक माणूस लांबलचक शिडी घेऊन एका दारातून आत जायची खटपट करत असतो, आणि मी एवढी हसले, एवढी हसले की बरगड्यांत कळ आली. "दुसऱ्या दिवशी रविवार होता," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी रविवार होता," ती म्हणाली, "आणि मी खिडकीतून खाली बघितलं तर रस्ता होता, तिथे असतो तोच, आणि मला वाटलं, बरं झालं बाई, आता माझं मला जगता येईल." शेवटचा भाग मी दिला नव्हता. तो तिचा तिने घातला, आणि तो माझ्या पत्रापेक्षा खरा होता. मग मी अखेरचं दिलं आणि ते तिने प्रेक्षकांकडे बघून, अगदी साधेपणाने विचारलं, "पुढे मला कधी वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का?" आणि मग डाव्या बाजूने, खोकणाऱ्यांपैकीच एक असावी, वयस्कर बाईचा आवाज आला, "नाही गं बाई. नाही."

पाचवीची गोष्ट फार दुःखाची आहे. मला धास्ती वाटत होती की मी तिचा घास काढून घेतला. पण लोक हसून सैल झाले होते, आणि सैल माणसात दुःख खोल जातं. ती बोलली तेव्हा माझ्या मागे दोऱ्या ओढणारा माणूससुद्धा नाक पुसत होता. तिचं रडणं खरंच होतं. ते माझं नव्हतं, एवढंच. पडदा पडला तशी कॅप्टन माझ्या अंगावर आली, हातात तिची प्रत. "मावशी, हे कुठल्या प्रतीत आहे?" "पेटीतल्या," मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डाव्या हाताकडे; त्या कागदावरचं वेडंवाकडं अक्षर तिला आठवलं असावं. पोरगी हुशार आहे, मला काहीच सांगावं लागलं नाही. "मग पंचवीस प्रयोग तुम्ही गप्प का बसलात?" तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झालेला मी ऐकला. "तू म्हणालीस ना, आत काय असेल ते दाखवायचं. मला वाटलं, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल." ती मटकन पहिल्या खुर्चीवर बसली. चौथी येऊन माझ्या गळ्यात पडली आणि कानाशी म्हणाली, "चार, मावशी? चार टोस्ट?" तिच्या अंगाला पावडरचा आणि केळ्याचा वास येत होता. मी तिला घट्ट धरलं, कारण तिच्या खांद्यावरून मला दिसत होतं की बाजूच्या पायऱ्या चढून, कठड्याला धरून, पर्स काखेत मारून ताई स्टेजवर येत होती.

"विनोदी नाटक," ती म्हणाली. मुली आपोआप बाजूला झाल्या. "शेजारणीने तिकिटं काढली होती, तिला ताप आला. जाहिरातीत तळाला बारीक अक्षरात तुझं नाव दिसलं. म्हटलं, जाऊन बघू तरी, बहीण कधी नव्हे ती आपल्या गावात आली आणि कळवलंसुद्धा नाही." मी म्हटलं, "ताई, ऐक ना." ती म्हणाली, "ऐकलं की. दीड तास ऐकलं." मग तिने पाचही खुर्च्यांकडे बघितलं, आणि मी ज्या प्रश्नाची तयारी केली होती तो सोडून भलताच विचारला. "ती पोरगी एकटी का होती?" "कोण?" "कोण म्हणजे? स्वेटरवाली. एकटी गेली, एकटीने सही केली, एकटी कॅन्टीनमध्ये बसली. मी कुठे गेले?" "अगं, तुझ्यावर येऊ नये म्हणून. तुझ्या घरी कळलं असतं, भावोजींना..." "ह्यांना?" ताईचा आवाज चढला. "ह्यांना मी लग्नाआधीच सांगितलंय. पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हाच. म्हटलं, असं असं झालं, माझ्या बहिणीला कधी कोणी उणंदुणं बोललेलं मला चालणार नाही, पटत असेल तर बघा." "तीन तास मी त्या बाकावर होते. मिठाची बाटली तू आपटलीस ती माझ्या कपावर. आणि त्या गोष्टीत मी नाही म्हणजे काय?" दीड तास माझा जीव नुसता तिला सोडवण्यासाठी टांगणीला लागला होता, आणि तिला सुटायचंच नव्हतं. तिला आत यायचं होतं.

"मला वाटायचं, तुला त्या दिवसाचं ओझं आहे," मी म्हटलं. "तुला वाटतं की माझं आयुष्य तुझ्यामुळे असं झालं." "असं म्हणजे कसं? चांगलं तर आहे की," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. तिने चष्मा काढला. चष्म्याशिवाय ती फार लहान दिसते. "ओझं आहे. पण ते नाही." तिने काचा पुसल्या. "त्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई होती. तिचीही मुलगी आत होती. ती सारखी रडत होती. मला वाटलं, मलाही रडू यायला हवं, मी मोठी बहीण. प्रयत्नसुद्धा केला. येईना. डोक्यात एकच, ही त्या दारातून आपल्या पायांनी चालत बाहेर येऊ दे. आणि तू आलीस. आलीस आणि म्हणालीस, ताई, मला भूक लागलीय. मला इतका आनंद झाला गं. लग्नात नाही झाला तेवढा, पोरं झाली तेव्हा नाही झाला. तू खात होतीस आणि मला वाटत होतं, उठून नाचावं. त्याचीच लाज वाटत आली मला इतकी वर्षं. म्हटलं, ही आतून रडत असेल आणि आपण मेल्या आनंदात. अशा दिवशी कोणी असं आनंदी होतं का?"

"होतं," मी म्हटलं. "आपण दोघी झालो होतो ना."